पुरुष वंध्यत्व

पुरुष वंध्यत्व म्हणजे पुरुषाच्या प्रजननसंस्थेतील दोषामुळे जोडप्याला गर्भधारणा होण्यात येणारी अडचण किंवा असमर्थता होय. शुक्राणूंची निर्मिती न होणे अथवा अपुरी होणे, त्यांची हालचाल किंवा रचना सदोष असणे, त्यांच्या मार्गात अडथळा असणे आणि संभोगाच्या वा वीर्यपतनाच्या क्रियेत बिघाड असणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. वंध्यत्व असलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. असे असूनही भारतीय समाजात अपत्यहीनतेचा दोष दीर्घकाळ स्त्रीकडेच दिला गेला आहे. पुरुषाची तपासणी स्त्रीच्या तपासणीपेक्षा सोपी, कमी खर्चाची आणि बहुधा वेदनारहित असते. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी, हे आधुनिक वैद्यकाचे प्राथमिक सूत्र आहे.

व्याख्या आणि संज्ञा

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न होणे, अशी वंध्यत्वाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. स्त्रीचे वय ३५ वर्षांपेक्षा अधिक असल्यास ६ महिन्यांनंतरच तपासणी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. कारण वाढत्या वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता घटत जाते. पुरुषाच्या बाबतीत लहानपणी वृषण खाली न उतरणे, कर्करोगावरील उपचार यांसारखा ठळक पूर्वेतिहास असल्यास एक वर्ष थांबण्याची आवश्यकता नसते.

ज्या पुरुषापासून पूर्वी कधीही गर्भधारणा झालेली नाही त्याच्या वंध्यत्वास प्राथमिक आणि पूर्वी झालेली असल्यास दुय्यम वंध्यत्व म्हणतात. यावरून हे स्पष्ट होते की, पहिले अपत्य असणे ही पुरुष निर्दोष असल्याची हमी नव्हे.

वंध्यत्व आणि नपुंसकत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. लिंगाला पुरेशी ताठरता न येणे हे नपुंसकत्व, तर गर्भधारणा घडवून आणण्याची क्षमता नसणे हे वंध्यत्व होय. वंध्य पुरुषांपैकी बहुसंख्यांचे कामजीवन पूर्णपणे सामान्य असते. व्यवहारातील मराठीत ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच लावला जातो. पुरुषासाठी त्या अर्थाचा स्वतंत्र शब्द रूढ नाही. ‘षंढ’ हा शब्द नपुंसकत्वाचा वाचक असून तो शिवीसारखा वापरला जातो. या शब्दांच्या गल्लतीमुळे वीर्यतपासणी म्हणजे पुरुषत्वाचीच परीक्षा असा समज होऊन अनेक पुरुष ती टाळतात. कायद्यानेही हा भेद मानला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न झाल्यास विवाह रद्द करण्याची मागणी करता येते, परंतु वंध्यत्व हे त्यासाठीचे कारण नाही.

शुक्राणूंची निर्मिती

शुक्राणूंची निर्मिती वृषणांतील सूक्ष्म शुक्रजनक नलिकांमध्ये होते. या क्रियेला शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी तापमान लागते. म्हणूनच वृषणे उदरपोकळीत नसून बाहेर, वृषणकोशात असतात. मेंदूतील अधश्चेतक या भागाच्या संकेताने पीयूषिका ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके स्रवतात. एलएचमुळे वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, तर एफएसएच हे सर्टोली पेशींमार्फत शुक्राणूंचे पोषण आणि परिपक्वन घडवते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढली की मेंदू या संप्रेरकांचा स्राव कमी करतो.

एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषणातून प्रवास करताना त्याला पोहण्याची क्षमता प्राप्त होते. हा संपूर्ण काळ साधारणपणे ३ महिन्यांचा होतो. त्यामुळे आज तपासलेले वीर्य हे ३ महिन्यांपूर्वीच्या प्रकृतीची साक्ष देते आणि आज सुरू केलेल्या उपचाराचा परिणाम ३ महिन्यांपूर्वी दिसत नाही.

वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांच्या स्रावांचा असतो. वृषणांकडून येणारा भाग अगदी थोडा असतो. नसबंदी झालेल्या पुरुषाचे वीर्य पूर्वीसारखेच दिसते, त्याचे कारण हेच. वीर्य पातळ आहे की घट्ट, यावरून शुक्राणूंविषयी काहीही निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीच करावी लागते.

कारणे

पुरुष वंध्यत्वाच्या कारणांची मांडणी सोयीसाठी वृषणपूर्व, वृषणांतर्गत आणि वृषणोत्तर अशा तीन गटांत केली जाते. मात्र अनेक पुरुषांमध्ये सर्व तपासण्यांनंतरही निश्चित कारण सापडत नाही.

वृषणपूर्व कारणे: यांत वृषण निरोगी असूनही त्याला मेंदूकडून आदेश मिळत नाही. कालमन सिंड्रोम या जन्मजात विकारात पीयूषिकेची संप्रेरके कमी असतात, वयात येण्याची प्रक्रिया लांबते आणि बहुधा वास घेण्याची क्षमताही नसते. पीयूषिकेवरील गाठी आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे आधिक्य ही याच गटातील अन्य कारणे होत. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम ॲनाबॉलिक स्टेरॉइड हे अलीकडे वाढत असलेले कारण आहे. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी ही द्रव्ये टोचून घेतली जातात. त्यामुळे रक्तातील पातळी वाढते, मेंदू एलएच व एफएसएचचा स्राव थांबवतो, वृषणातील टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा बंद पडते. शरीर पिळदार दिसत असताना वृषणे मात्र आकसत जातात.

वृषणांतर्गत कारणे: व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतालच्या शिरा फुगणे, हे यांतील सर्वाधिक आढळणारे आणि दुरुस्त करता येण्याजोगे कारण होय. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के आणि प्राथमिक वंध्यत्व असलेल्यांपैकी सुमारे ३५ ते ४० टक्के पुरुषांत ते आढळते. डाव्या वृषणाची शीर वृक्काच्या शिरेला काटकोनात मिळत असल्याने ते प्रामुख्याने डाव्या बाजूस होते. शिरांत साचलेल्या रक्तामुळे वृषणाचे तापमान वाढते. तथापि व्हेरिकोसील असलेल्या अनेक पुरुषांना नैसर्गिक रीतीने अपत्ये होतात.

क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये पुरुषाच्या पेशींत एक्स गुणसूत्र जास्तीचे असते (४७,एक्सएक्सवाय). सुमारे ५०० ते ६५० पुरुषांमागे एकास हा विकार असतो आणि पुष्कळदा तो वंध्यत्वाच्या तपासणीतच प्रथम लक्षात येतो. वाय गुणसूत्रावरील एझेडएफ या भागाचा सूक्ष्म तुकडा गळालेला असणे हे आणखी एक जनुकीय कारण आहे. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाच्या आजारात वृषणदाह होणे, वृषणाला पीळ पडणे, जन्मतः वृषण खाली न उतरणे, केमोथेरपी व किरणोपचार यांनीही शुक्राणुजनक पेशींची हानी होते.

व्यवसायातील रसायनेही कारणीभूत ठरतात. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन या सूत्रकृमीनाशकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ते तयार करणाऱ्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले. आपल्याला मुले का होत नाहीत, या कामगारांच्याच आपसांतील चर्चेतून हा प्रकार उघड झाला. शिसे, तीव्र उष्णतेजवळील दीर्घकाळचे काम, धूम्रपान, अतिमद्यपान आणि स्थूलता यांचाही शुक्राणूंवर अनिष्ट परिणाम होतो.

वृषणोत्तर कारणे: यांत शुक्राणू तयार होतात, पण बाहेर पोहोचत नाहीत. नसबंदी, जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेतील इजा यांमुळे शुक्रवाहिनी अथवा अधिवृषण बंद होते. काही पुरुषांत दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. या स्थितीचा संबंध सिस्टिक फायब्रोसिस या विकाराशी निगडित असलेल्या सीएफटीआर या जनुकातील उत्परिवर्तनाशी असतो. मधुमेह, पाठीच्या कण्याची इजा, काही शस्त्रक्रिया आणि औषधे यांमुळे वीर्य बाहेर पडण्याऐवजी उलट मूत्राशयात जाते किंवा वीर्यपतनच होत नाही.

निदान

पूर्वेतिहास आणि शारीरिक तपासणी

निदानाचा आरंभ संभाषणाने होतो. लग्नाला किती वर्षे झाली, शरीरसंबंध कितीदा व कोणत्या दिवसांत येतात, पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया, कामाचे स्वरूप, व्यसने, सुरू असलेली औषधे यांची विचारणा केली जाते. पती कामानिमित्त परगावी राहत असल्यास गर्भधारणेस अनुकूल दिवस चुकणे हेच कारण असू शकते. गर्भधारणेची शक्यता स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या दिवशी आणि त्याआधीच्या सुमारे पाच दिवसांत असते.

शारीरिक तपासणीत वृषणांचा आकार मण्यांच्या माळेसारख्या मापकाशी तुलना करून मोजला जातो. वृषणाचा बहुतांश भाग शुक्रजनक नलिकांनी व्यापलेला असल्याने लहान व मऊ वृषण हे निर्मिती कमी असल्याचे चिन्ह मानतात. शुक्रवाहिन्या हाताच्या स्पर्शाने जाणवतात. त्या नसल्याचे निदान कोणत्याही यंत्राविना होऊ शकते. उभे राहून श्वास रोखून जोर केल्यावर व्हेरिकोसील हाताला लागते. केवळ वीर्याचा अहवाल पाहून औषधे लिहून देणे ही अपुरी तपासणी होय.

वीर्यतपासणी

ही सर्वांत महत्त्वाची प्राथमिक तपासणी आहे. तिच्यापूर्वी २ ते ७ दिवस वीर्यपतन झालेले नसावे. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच, हस्तमैथुनाने, निर्जंतुक रुंद तोंडाच्या पात्रात घ्यावा लागतो. वंगण म्हणून तेल, साबण किंवा लाळ वापरू नये आणि नेहमीचा निरोधही वापरू नये, कारण त्यांमुळे शुक्राणूंच्या हालचालीवर परिणाम होतो. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वाधिक असल्याने तो सांडल्यास तसे प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक असते. नमुना घरून आणायचा असल्यास अंगाजवळ उबेत ठेवून एका तासाच्या आत पोहोचवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीची मार्गदर्शिका प्रथम १९८० मध्ये आणि तिची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील किमान संदर्भमूल्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• वीर्याचे आकारमान: १.४ मिलिलिटर
• शुक्राणूंची संहती: प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख
• एकूण शुक्राणू: ३ कोटी ९० लाख
• एकूण हालचाल करणारे शुक्राणू: ४२ टक्के
• पुढे सरकणारे शुक्राणू: ३० टक्के
• जिवंत शुक्राणू: ५४ टक्के
• सामान्य रचनेचे शुक्राणू: ४ टक्के

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. ज्यांच्या पत्नीस एका वर्षाच्या आत गर्भधारणा झाली अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून ते काढलेले आहेत. त्या पुरुषांपैकी ९५ टक्क्यांचे मूल्य या रेषेच्या वर आणि ५ टक्क्यांचे खाली होते. म्हणजेच रेषेखालील पुरुषही पिता होऊ शकतो आणि रेषेवरील पुरुषाला अडचण येऊ शकते. ही परीक्षेतील उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेची रेषा नव्हे. ९६ टक्के शुक्राणू सदोष रचनेचे असूनही अहवाल सामान्य असू शकतो, ही बाब वाचकाला चमत्कारिक वाटते, परंतु मानवी वीर्याचे स्वरूप तसेच असते.

एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांत बराच फरक पडू शकतो. मागील तीन महिन्यांत येऊन गेलेल्या तीव्र तापानेही शुक्राणू घटतात. म्हणून पहिला अहवाल सदोष आल्यास काही आठवड्यांनी दुसरा नमुना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत.

वीर्यात एकही शुक्राणू न आढळणे यास अशुक्राणुता (ॲझूस्पर्मिया) म्हणतात. ती सर्व पुरुषांपैकी सुमारे १ टक्का आणि वंध्य पुरुषांपैकी १० ते १५ टक्के जणांत असते. हे निदान करण्यापूर्वी नमुना अपकेंद्री यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका तपासावा लागतो, कारण त्यात सापडलेले मोजके शुक्राणूही उपचाराची दिशा बदलू शकतात.

पुढील तपासण्या

अशुक्राणुतेत कळीचा प्रश्न असा असतो की, शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडतात? वृषणांचा आकार आणि रक्तातील एफएसएच यांवरून बहुधा उत्तर मिळते. वृषणे सामान्य आकाराची आणि एफएसएच सामान्य असल्यास अडथळ्याची शक्यता अधिक असते. वृषणे लहान आणि एफएसएच वाढलेले असल्यास निर्मितीतील बिघाड संभवतो, कारण वृषण दाद देत नसल्याने मेंदू आदेशाचा जोर वाढवत राहतो. दोन्ही गोष्टी कमी असतील, तर दोष मेंदूकडून येणाऱ्या आदेशात असतो. वीर्याचे प्रमाण कमी, ते आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज ही शर्करा नसेल, तर शुक्रवाहिन्यांचा अभाव किंवा वीर्यवाहक नलिकेतील अडथळा सूचित होतो. वीर्य मूत्राशयात जात असल्याची शंका असल्यास वीर्यपतनानंतर लगेच केलेल्या लघवीत शुक्राणू शोधतात.

निर्मितीतील बिघाडामुळे अशुक्राणुता असल्यास किंवा संख्या अत्यंत कमी असल्यास गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या सूक्ष्म तुटीची तपासणी केली जाते. एझेडएफ ए किंवा बी हा भाग पूर्णपणे नसल्यास वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. सी हा भाग नसल्यास मात्र ते पुष्कळदा सापडतात. त्यामुळे निष्फळ शस्त्रक्रिया टाळता येते. सी भागाची तूट असलेल्या पित्याकडून ती प्रत्येक मुलाकडे जाते, हेही जोडप्याला आधी सांगणे आवश्यक असते. शुक्रवाहिन्या नसलेल्या पुरुषाच्या पत्नीची सीएफटीआर जनुकासाठी तपासणी करतात, कारण तीही वाहक असल्यास अपत्याला सिस्टिक फायब्रोसिस होण्याचा धोका असतो.

सोनोग्राफीचा उपयोग शारीरिक तपासणीत शंका आल्यास केला जातो. वंध्य पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांहून अधिक असते. त्यामुळे अपत्यासाठी केलेली तपासणी कधी कधी पुरुषाचा जीवही वाचवते.

उपचार

उपचाराची निवड कारण, स्त्रीचे वय, वंध्यत्वाचा कालावधी आणि आर्थिक क्षमता यांवर अवलंबून असते. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास पुरुषावरील दीर्घ उपचारांत वेळ घालवणे हितावह नसते.

जीवनशैली

तंबाखू व धूम्रपान सोडणे, मद्यपान आटोक्यात ठेवणे, वजन कमी करणे, उष्णतेशी संपर्क टाळणे हे सर्वांसाठी उपयुक्त असते. स्टेरॉइड बंद केल्यावर बहुसंख्य पुरुषांत शुक्राणू परत दिसू लागतात, पण त्यास कित्येक महिने आणि क्वचित दोन वर्षांपर्यंतचा काळ लागतो. ‘पुरुषी शक्ती’ वाढावी म्हणून अपत्येच्छू पुरुषाला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देणे ही गंभीर चूक आहे, कारण हेच संप्रेरक बाहेरून दिल्यास गर्भनिरोधकासारखे काम करते.

औषधे

औषधांचा सर्वांत खात्रीशीर उपयोग पीयूषिकेची संप्रेरके कमी असलेल्या पुरुषांत होतो. त्यांना एचसीजी आणि नंतर एफएसएच यांची इंजेक्शने देतात. सहा महिने ते दोन वर्षांत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू येतात आणि संख्या कमी असतानाही नैसर्गिक गर्भधारणा होऊ शकते. प्रोलॅक्टिन वाढलेले असल्यास कॅबरगोलीन हे औषध दिले जाते. जंतुसंसर्ग सिद्ध झाल्यासच प्रतिजैविके द्यावीत.

कारण अज्ञात असलेल्या पुरुषांना जीवनसत्त्वे, जस्त आणि ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर लिहून दिल्या जातात. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फॉलिक आम्ल व जस्त घेणाऱ्या पुरुषांच्या पत्नींचे जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या तुलनेत वाढलेले आढळले नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक असून चरक व सुश्रुत संहितांत शुक्रदोषांचे वर्णन आहे. मात्र त्या परंपरेच्या नावाने जाहिरातींद्वारे विकल्या जाणाऱ्या ‘हमखास’ औषधांना पुराव्याचा आधार नसतो. अशा उपायांतील खरी हानी केवळ पैशाची नसते. हातातून निघून गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

शस्त्रक्रिया

हाताला लागणारे व्हेरिकोसील, सदोष वीर्य आणि वंध्यत्व या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने फुगलेल्या शिरा बांधल्या जातात आणि रोहिणी व लसीकावाहिन्या वाचवल्या जातात. वीर्यातील सुधारणा ३ ते ६ महिन्यांनी दिसते. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करण्याची शिफारस केली जात नाही.

नसबंदी केलेल्या पुरुषाला अपत्याचा मृत्यू किंवा पुनर्विवाह यांमुळे पुन्हा अपत्य हवे असल्यास शुक्रवाहिनीची तोडलेली टोके सूक्ष्मशस्त्रक्रियेने जोडता येतात. यश मधल्या काळावर अवलंबून असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ३ वर्षांच्या आत जोडणी केलेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्क्यांच्या पत्नींना गर्भधारणा झाली. १५ वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे ७१ व ३० टक्के होते. क्षयरोगामुळे आलेले अडथळे अनेक ठिकाणी असल्याने तेथे जोडणी सहसा यशस्वी होत नाही.

सहाय्यक प्रजनन तंत्रे

शुक्राणूंचे प्रमाण किंचित कमी असल्यास वीर्य धुऊन त्यातील चपळ शुक्राणू नळीद्वारे थेट गर्भाशयात सोडले जातात. यास आययूआय म्हणतात. दोष अधिक असल्यास शरीराबाहेर फलन करण्याचे आयव्हीएफ तंत्र वापरतात. आयसीएसआय (इक्सी) या तंत्रात सूक्ष्म सुईने एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडला जातो. त्यामुळे ज्यांच्या वीर्यात मोजकेच शुक्राणू आहेत अशा पुरुषांनाही स्वतःच्या जनुकीय अपत्याची शक्यता निर्माण झाली.

अडथळ्यामुळे आलेल्या अशुक्राणुतेत अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात. निर्मितीच सदोष असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून तुलनेने जाड व अपारदर्शक दिसणाऱ्या नलिकांतून ते शोधले जातात. या मायक्रो-टीईएसई शस्त्रक्रियेत सुमारे निम्म्या पुरुषांत शुक्राणू सापडतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषांतही हे अनेकदा शक्य होते.

इक्सीचे यश मुख्यतः स्त्रीच्या वयावर अवलंबून असते. शिवाय दोष पुरुषात असला तरी इंजेक्शने, स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया आणि त्यांतील धोके स्त्रीच्या शरीराला सोसावे लागतात. म्हणून पुरुषातील दुरुस्त होण्याजोगे कारण न शोधता थेट इक्सीकडे वळणे योग्य मानले जात नाही.

कोणत्याही मार्गाने शुक्राणू न मिळाल्यास दात्याचे शुक्राणू, दत्तकविधान किंवा अपत्याविना आयुष्य हे पर्याय उरतात. त्यांतील निवड पूर्ण माहितीनिशी आणि दोघांच्या संमतीने व्हावी लागते.

प्रतिबंध आणि प्रजननक्षमतेचे जतन

न उतरलेले वृषण वयाच्या ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रियेने खाली आणावे. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्यास ती पीळ पडल्याची खूण असू शकते. साधारणपणे ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. संकोचापोटी मुले ही वेदना लपवतात, म्हणून पालकांनी व शिक्षकांनी याविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे महत्त्वाचे ठरते. केमोथेरपी किंवा किरणोपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येते. या सोयीची माहिती उपचारांच्या धावपळीत तरुण रुग्णाला दिली गेली नाही, तर ती संधी पुन्हा मिळेलच असे नाही.

१९७३ पासूनच्या अभ्यासांचे २०१७ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यात पाश्चात्त्य देशांतील पुरुषांच्या शुक्राणुसंहतीत निम्म्याहून अधिक घट झाल्याचे म्हटले आहे. मात्र जुन्या व नव्या मोजणीपद्धतींतील फरकामुळे या निष्कर्षाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

इतिहास

आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून मानवी शुक्राणू पाहिले. गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे प्रथम १९५३ मध्ये अमेरिकेत नोंदवले गेले. जगातील पहिले नलिका-अपत्य २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच अपत्य जन्मले. मात्र त्यांच्या हयातीत या कार्यास मान्यता मिळाली नाही. भारतातील शास्त्रीयदृष्ट्या नोंदलेले पहिले नलिका-अपत्य ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मले. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून त्यांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. इक्सी तंत्राने झालेल्या पहिल्या गर्भधारणांची माहिती ब्रसेल्स येथील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली.

भारतातील कायदा

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार अशी सेवा देणाऱ्या केंद्रांना व बीजपेढ्यांना नोंदणी बंधनकारक आहे. शुक्राणुदाता २१ ते ५५ वर्षे वयाचा असावा लागतो आणि एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही. जन्मलेले अपत्य कायद्याने त्या जोडप्याचेच मानले जाते आणि दात्याला त्यावर कोणताही हक्क राहत नाही. अपत्याच्या लिंगाची निवड करण्यास मनाई आहे.

सामाजिक बाजू

अपत्य नसल्यास पतीने दुसरा विवाह करण्याची प्रथा पूर्वी समाजमान्य होती. दोष त्याच्यातच असल्यास दुसऱ्या पत्नीच्या वाट्यालाही तोच कलंक येई. याउलट प्राचीन वाङ्मयाने पुरुषातील असमर्थतेची शक्यता गृहीत धरली होती. महाभारतातील नियोगाच्या कथा हे त्याचे उदाहरण होय. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्याविषयी शास्त्रीय माहिती मराठीत दिली आणि त्यासाठी खटलेही सोसले.

आजही अनेक घरांत सुनेच्या सर्व तपासण्या, व्रते आणि नवस झाल्यानंतर मुलाच्या वीर्यतपासणीचा विषय निघतो. निदान झालेल्या पुरुषांना लज्जा, अपराधभाव आणि नैराश्य यांना तोंड द्यावे लागते. ते मोकळेपणाने बोलत नाहीत आणि काही वेळा पत्नीच दोष स्वतःकडे घेऊन कुटुंबापासून सत्य झाकते. त्यामुळे समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला जातो. वंध्यत्व हा रोग आहे, चारित्र्याचा किंवा पौरुषाचा निकष नव्हे, ही जाणीव रुजल्यास वेळेवर होणाऱ्या एका साध्या तपासणीने दोघांचीही कित्येक वर्षांची फरपट टळू शकते.

हे सुद्धा पहा

• वंध्यत्व
• शुक्राणू
• नसबंदी
• कुटुंब नियोजन
• र. धों. कर्वे